फळीखालचा साबण

शेषराव चहा पिण्याआधी चहाचा वास घ्यायचा. लोक हसायचे. पण ज्यानं लहानपणी हॉटेलच्या मागच्या खिडकीतून फुटक्या कानाचा, वेगळा ठेवलेला कप घेतला, तो वास नाही घेणार तर काय आरती करणार? छप्पनच्या दसऱ्याला नागपूरला जाऊन त्यानं दीक्षा घेतली. घरातले देव सोडले, गावकीची कामं सोडली, 'शेष्या' म्हणणाऱ्याला ओ देणं सोडलं. संशय तेवढा सुटला नाही.

"तो मले बापानं देला," तो म्हणे. "वावर नाई देलं, घर नाई देलं. येवढा एकच वारसा, तो बी सोडू काय?"

अशा माणसाला ड्रायव्हर म्हणून ठेवला तिवस्याच्या खुशालराव चूर्णवाल्यानं. खुशालरावांचं काळ्या मातीचं वावर भाऊ कसायचा, आणि ते स्वतः बाजारा-बाजारानं, यात्रा-यात्रेनं पोटाचं चूर्ण विकत फिरायचे. लढाईतली जुनी ॲम्ब्युलन्स लिलावात घेऊन त्यांनी अकोल्याच्या जुन्या शहरात सुताराकडून तिचं घर करून घेतलं होतं. दोन बाजूंना झोपायच्या फळ्या, मधे बरण्यांचं कपाट आणि मागच्या कोपऱ्यात त्यांच्या बायकोचा, पार्बताबाईचा, रॉकेलचा स्टोव्ह. बाई गाडीतच चूर्ण कुटायची, गाडीतच रांधायची. लोक त्या गाडीला गाडीघर म्हणत.

शेषरावनं पहिल्याच दिवशी सांगितलं, "नाव शेषराव. पुरं म्हनायचं."

खुशालराव हसले. "बरं बावा, शेषराव. पन गाडी चालवशीन ना?"

गाडी तो चालवायचा झकास. पण गाडीला एक दुखणं होतं. टाकीतून इंजिनाकडे जाणारी पेट्रोलची तांब्याची नळी गाडीच्या पोटाखालून जायची, आणि तिचा सांधा नेमका स्टोव्हशेजारच्या तळाच्या फळीखाली. सांध्याला बारीक चीर गेलेली. शेषरावनं नवी नळी मागितली. खुशालराव म्हणाले, "चालून राह्यली ना? मंग?" शेवटी जुन्या शहरातल्या एका मिस्त्रीनं त्याला तोड दाखवली. कपडे धुवायचा साबण मळून चिरेत भरायचा, वरून चिंधी आवळायची. पेट्रोलात साबण विरघळत नाही. सगळ्या वऱ्हाडातल्या मोटारी तेव्हा साबणावरच चालत होत्या म्हणा ना.

पण साबणावर शेषरावचा भरोसा नव्हता. भरोसा त्याचा कशावरच नव्हता. म्हणून तो रोज सकाळी गाडीत चढून स्टोव्हजवळची फळी उचलायचा, सांधा चाचपायचा, वाटलं तर साबणाचा नवा हात फिरवायचा आणि फळी बसवून खाली उतरायचा. पार्बताबाई तेवढा वेळ बाहेर उभी राहायची. पदर नाकाला.

आणि तरी पेट्रोल कमी होऊ लागलं.

खुशालराव टाकीत बांबूची कामटी बुडवून पाहत. संध्याकाळी ओली खूण इथं, सकाळी बोटभर खाली. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्या खेपेला त्यांनी तिवस्याच्या मोटार स्टँडच्या चौकात, हॉटेलात चार माणसं बसलेली असताना कामटी टेबलावर आपटली.

"शेष्या, पेट्रोल कोनाले विकून राह्यला बे?"

कोपऱ्यातून एक जण म्हणाला, "धर्म बदलला, पन हात तेच!" हसले सगळे.

शेषरावचा हात गल्ल्यावरची काचेची बरणी उचलून हाणायला गेला होता. तो त्यानं मागं घेतला. म्हणाला, "मालक, चोर धरून देईन. मंग हेच बोलनं इथंच वापस घ्यायचं. याच चौकात."

"रिद्धपूरच्या यात्रेपावतर मुदत. नाई तं चावी ठेव."

चावी गेली तर दुसरी गाडी मिळणार नव्हती. चोर म्हणून डाग लागलेल्या ड्रायव्हरला तिवस्यापासून अकोल्यापर्यंत कोण उभं करतं? घरी पंचफुला, त्याची बायको, भाकर थापता थापता म्हणाली, "नोकरी गेली तं जाऊ द्या. पन तुमाले चोर म्हनलं म्हंजे साऱ्या वस्तीले म्हनलं. थो डाग उतरवून या."

शेषरावनं डोकं चालवलं. पेट्रोल जातं तर घेतो कोण? त्याचा संशय सरळ खुशालरावांवरच गेला. मालकाचा भाचा देवीदास नुकताच गाडी शिकला होता. आपल्याला काढून त्याला बसवायचं, तर काढायला कारण नको का? म्हणजे मालकच पेट्रोल काढतो आणि मालकच बोंबलतो. त्यानं पंचफुलाच्या जुन्या लुगड्याचा दोरा टाकीच्या झाकणाला गुंडाळून आपली गाठ मारली.

सकाळी दोरा जसाच्या तसा, गाठ जशीच्या तशी. कामटी मात्र बोटभर कोरडी.

झाकण उघडलं नाही तर पेट्रोल खालून जातं! कोणी नळी सोडवून काढतं! सांध्याचा साबण रोज निघालेला दिसायचा, त्याचा अर्थ आता त्याला लागला. साबण आपण लावतो आणि हे लोक काढतात.

रिद्धपूरला गाडी यात्रेच्या कडेला एका वावरात लावली. खुशालराव भोंगा घेऊन गर्दीत गेले. शेषरावनं सांधा पक्का भरला, चिंधी आवळली, फळी बसवली आणि मोठ्यानं म्हणाला, "बाई, मी यात्रा पाहून येतो." मोठा फेरा मारून, वाकत वाकत, तो उलट्या बाजूनं गाडीखाली शिरला. उताणा पडून राहिला. आज चोराचा हात नळीवर आला की मनगटच धरायचं.

हात आला नाही. पाणी आलं.

फळीच्या फटीतून भदाभद लोटाभर पाणी सांध्यावर पडलं आणि तिथून त्याच्या तोंडावर. डोळ्यात साबण गेला. तो शिवी देणार तोच वर दुसरा लोटा ओतल्याचा आवाज झाला. चिंधीतून पांढरा फेस वाहून आला, फेस सरला, आणि मग टप्, टप्, टप् त्याच्या छातीवर थेंब पडायला लागले. हे पाणी नव्हतं. थंडगार, झोंबणारं पेट्रोल. काळी माती ते पिऊन टाकत होती, आणि ती काय पिते ते कोणाला सांगत नाही. गाडीत हिंग-ओव्याचा वास असा भरलेला की दुसऱ्या वासाला जागा नव्हती. शेषरावच्या स्वतःच्या हाताला तर जन्माचाच पेट्रोलचा वास. रोज सगळ्याचा वास घेणारा माणूस आपल्याच गाडीपाशी फसला होता.

मग वर स्टोव्हच्या पंपाचा आवाज आला. फुस, फुस. काडेपेटी खडखडली.

"बाई, काडी ओढू नोका!"

"अगं माय! खाली कोन हाये? शेषराव? मेल्या, बाईमानसाच्या गाडीखाली काय करून राह्यला?"

तो चिखलानं भरलेला तसाच बाहेर सरपटला, बुटांसकट गाडीत चढला आणि तिच्या हातातली काडेपेटी हिसकली. बाईनं जी बोंब ठोकली, ती खुशालरावांच्या भोंग्यापेक्षा लांब गेली.

खुशालराव काठी घेऊन धावत आले. "बाई आत असतानी तिच्या चुलीपाशी कसा गेला बे तू?"

"पयले खाली वाका. वास घ्या."

"हिंगाचा येऊन राह्यला!"

"मंग हे पाहा." शेषरावनं चिंधी थेंबाखाली धरली, दूर बांधावर ठेवली, अंगातला ओला सदरा काढून मागं टाकला आणि लांबून काडी लावली. भक्कन जाळ उठला, पुरुषभर. यात्रेतली दोन माणसं पळाली. खुशालराव काठी टेकून हळूच खाली बसले. त्यांनी गाडीकडे पाहिलं, स्टोव्हकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"म्या काई नाई केलं," पार्बताबाई म्हणाली. "म्या तं नुसती फळी धुतली."

"रोज धुता?" शेषरावनं विचारलं.

"रोज. तू फळी उचलून गेला का."

"काहून?"

बाईचा पदर पुन्हा नाकाला गेला. बांधावरची चिंधी जळत राहिली. जितकं तो सांभाळत होता, तितकं ती धुवत होती. त्याचा हात लागलेली लाकडाची फळी शुद्ध करता करता बाई रोज आपल्याच चुलीखाली पेट्रोल सोडत होती.

"चोर सापडला मालक," शेषराव म्हणाला. "आता तिवसा."

"अरे जाऊ दे ना शेषराव. मी म्हनतो ना तू चोर नाई."

"चोर म्हनतानी चौक होता. साव म्हनतानी बांध? चौकात म्हना. भोंग्यातून. आन् नळी नवी घेतल्याबिगर मी चावी फिरवत नाई. आन् स्टोव्ह आजपासून खाली जमिनीवर, गाडीपासून दूर. रेतीची बालटी दाराशी."

"तू मले कायदे शिकवून राह्यला?"

"नाई. जळायचं असन तं देवीदासले बोलवा."

नळी अमरावतीहून आली. तिवस्याला गाडी मोटार स्टँडवर उभी राहिली. खुशालरावांनी भोंगा तोंडाला लावला, आधी चूर्णाचे गुण सांगितले, मग मधेच पुटपुटले, "...आन् पेट्रोलचं जे बोललो होतो, थे चुकून."

"आवाज नाई आला," शेषराव स्टिअरिंगवरून म्हणाला.

हॉटेलातून कोणी तरी हसलं. खुशालरावांचं तोंड लाल झालं. ते पुन्हा काही बोलणार, तोच मागच्या दारातून पार्बताबाई उतरली. नवऱ्याच्या हातातला भोंगा तिनं ओढून घेतला.

"शेषराव चोर नाई! पेट्रोल म्या सांडलं. विटाळ धुतानी सांडलं. हासा आता!"

हॉटेलवाल्यानं फडकं उचललं आणि पुसलेलंच टेबल पुसत बसला. बाई गाडीत चढली आणि तिनं दार लावून घेतलं.

शेषराव दुसऱ्या सकाळी नेहमीसारखा चढला. फळी उचलली, नळी चाचपली, फळी बसवली. मग यात्रा पाहायला जातो वगैरे काही न म्हणता सरळ गाडीखाली गेला आणि उताणा पडून राहिला. वर पावलं वाजली. लोटा कुठंतरी टेकल्याचा आवाज आला. त्यानं डोळे मिटून घेतले.

पाणी आलं नाही. त्यानं बोट नळीवरून फिरवलं, बोटाचा वास घेतला. कोरडं.

तरी तो तिसऱ्या दिवशीही गाडीखाली गेला. ती गाडी हाती होती तोवर जातच राहिला.