आधी झटकायचे, मग भिजवायचे

आमच्या घरात कपडे धुण्याची शिस्त आईची होती आणि ती मोडायची कुणाची हिंमत नव्हती. वडिलांचे कामाचे कपडे तिने कधी थेट पाण्यात घातले नाहीत. वडील नाशकात एका कंत्राटदाराकडे पाण्याची लाइन टाकायचं काम करत. सिमेंटचे करडे पाइप करवतीने कापायचे, चरात उतरवायचे, सांध्यांत सिमेंट भरायचं. सत्तर सालानंतर गंगापूर रोडला घरांमागून घरं उठत होती, त्यामुळे त्यांना कामाची ददात नव्हती. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा त्यांच्या भुवयासुद्धा पांढऱ्या झालेल्या असायच्या.

“सगळ्या गावाला पाणी पाजतात आणि घरी माती घेऊन येतात,” असं आई म्हणायची. वडील नुसते हसायचे.

तिचं म्हणणं साधं होतं. सिमेंट ओलं झालं की कापडात धरतं, मग दगडावर कितीही आपटा, निघत नाही. म्हणून ती शर्ट-पँट मागच्या अंगणात न्यायची, कोरडीच झटकायची, खिसे उलटे करून बडवायची. उन्हात ती धूळ बराच वेळ तरंगत राहायची. मी जवळ गेले की ओरडायची, “तू आत हो. नाकात जाईल.” स्वतः मात्र नाकाला पदरही लावायची नाही.

मी कॉलेजात जायला लागले त्या सुमारास तिला धाप लागू लागली. आधी कळशी उचलताना, मग भाकरी थापतानाही. टीबी समजून गोळ्या, इंजेक्शनं सगळं झालं, गुण येईना. शेवटी आम्ही तिला छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छातीचा फोटो काढून उजेडात धरला आणि विचारलं, “बाई, कोणत्या कारखान्यात होता तुम्ही?”

“मी कुठली जातेय? घरीच असते,” आई म्हणाली.

मग त्यांनी वडिलांना त्यांचं काम विचारलं. वडिलांनी सांगितलं, जरा अभिमानानेच.

“यांचे कपडे कोण धुतं?”

आईने हात वर केला, शाळेतल्या मुलीसारखा.

डॉक्टर म्हणाले, त्या पाइपांत सिमेंटबरोबर ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. ते धुळीतून छातीत जातात आणि तिथेच राहतात. कपडे आधी भिजवले असते तर इतकी धूळ उडाली नसती. आता त्यावर औषध नाही.

येताना बसमध्ये मला त्या पाइपांचा राग आला, कंत्राटदाराचा आला, डॉक्टरांच्या त्या भिजवण्याच्या वाक्याचाही आला. अजून येतो. माझ्या आईने आळस केला असता तर ती जगली असती.

वर्षाच्या आत ती गेली.

वडिलांना दुसरं काम येत नव्हतं. ते पुन्हा पाइपांवर जाऊ लागले, पण कपड्यांना मला हात लावू देईनात. “राहू दे, मी बघतो,” म्हणायचे. अंगणात बादली भरून ठेवत आणि कामावरून आले की दारातूनच तिकडे जाऊन शर्ट काढून तिच्यात बुडवत. झटकत नसत. आई सांगायची तसंच झालं, सिमेंट कापडात धरलं. शर्ट पुठ्ठ्यासारखे कडक झाले, त्यांच्या मानेवर वळ उठू लागले.

एकदा सकाळी मी म्हटलं, “दुसरा शर्ट घाला ना.”

त्यांनी तोच अंगात चढवला, कॉलर जरा चोळून मऊ करून पाहिली.

“तुझ्या आईने असा घालू दिला नसता,” ते म्हणाले आणि कामावर गेले.