आमच्या वस्तीपर्यंत न आलेला बांध

मंडळी, आज दुपारी आमच्या गावात कयाधू नदीच्या काठी सरकारी निधीतून पूरभिंतीचं काम सुरू झालं. सगळे खुशीत होते. माझे नव्वदीतले चुलत आजोबा मात्र रडायला लागले.

"काहून रडता, आबा?" मी विचारलं.

"निजामाच्या राज्यात मी लहान होतो. तवा बी बांध मंजूर झाला, पण पाटलाच्या मळ्यापाशीच थांबला. पूर आला तो आमच्या वस्तीत. मायनं मला कडूलिंबावर चढवलं अन् धाकटीला आणायला घरात गेली. दोघी बी आल्या न्हाईत."

मग त्यांनी कामावरच्या इंजिनिअर साहेबांना विचारलं, "भिंत वस्तीपर्यंत येणार?"

"व्हय आबा, पार पुढपर्यंत."

"मग तवाचा बांध काहून न्हाई आला?"

साहेबांनी हातातला नकाशा पुन्हा गुंडाळला. तुम्ही काय सांगितलं असतं?