हळू चालणारं माणूस पुढे

ओहोटीला वाळू उघडी पडते आणि बेटावरच्या देवळापर्यंत चालत जाता येतं. आम्ही ऑफिसातले दहाबारा जण निघालो होतो, सोबत माझी आई. गुडघ्यांमुळे ती किनाऱ्यावरच बसायला निघाली. म्हणाली, "मी मागे राहिले की तुमचा खोळंबा."

वाट दाखवायला आलेल्या कोळीणबाई हसल्या. "मागं कशाला? तुम्ही पुढं व्हा, काकू. हळू चालणारं माणूस आम्ही पुढंच ठेवतो. मागं राहिलं तर भरतीत सापडतं."

परतताना पाणी घोट्यापर्यंत चढलं होतं. आई पुढे आणि तिच्या चालीने आम्ही सगळे मागे.

"काकू, जरा थांबा, आम्ही दमलो," कुणीतरी चिडवलं.

"पाणी दमलंय का?" आई मागे न बघता म्हणाली.

आईने शाळा पाहिली ती माझ्या बक्षीस समारंभांना, दाराशी, चपलांजवळ उभी राहून. मला पदवी मिळाली तेव्हाही ती मागच्याच रांगेत होती. घरातला पहिला पदवीधर मी, पण तिला पुढे बसवावं हे मला कधी सुचलं नव्हतं.

किनाऱ्याला ती सगळ्यांच्या आधी पोचली. मग वळली आणि आम्ही सगळे आलो का, ते बघत उभी राहिली.