वहिनीसाठी कोणी रडायचं

माझ्या आईला मी छप्पन्न वर्षं वहिनी म्हणत आले. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, निदान आमच्या गावात तरी नाही. घरातलं पहिलं मूल आजी-आजोबांच्या पदरात घालायचं, अशी आमच्याकडची रीत. पहिली मी झाले. आजीने चाळीस दिवस कसेबसे काढले आणि मला दुलईत गुंडाळून मळ्यावर नेलं. मग आजी झाली माझी आई, आजोबा बाबा, सख्खा बाप झाला दादा आणि जन्म देणारी झाली शारिपा वहिनी. रीत पाळण्यात तीही कुणाला हार जाणारी नाही. सासरच्या लेकींना सुनेने नावाने हाक मारायची नसते, म्हणून ती पोटच्या पोरीला 'धाकट्या वन्सं' म्हणू लागली. तेव्हा मला दातही आले नव्हते.

दर जुलैत जर्दाळू पिकले की मी बिश्केकहून गावी जाते. वर्षभर औषधांच्या दुकानात लोकांच्या खोकल्याच्या तक्रारी ऐकून माझा स्वभाव तिरसट झालाय, असं माझा नवरा म्हणतो. गावी गेल्यावर तो आणखी तिरसट होतो, कारण तिथे मला कुणी काम करू देत नाही. धाकटा भाऊ एसेन, त्याची बायको, पोरं, सुना, नातवंडं, शिवाय चुलत आणि मावस कोण कोण येऊन बसलेले असतात. जमिनीवर जेवणाचं लांबलचक दस्तरखान पसरलेलं असतं, त्यावर तळलेल्या बोरसोक-पुऱ्यांचा ढीग, जर्दाळूचा मुरंबा, साय, आणि मी मानाच्या जागी ताठ बसलेली. वहिनीचं वय सत्त्याहत्तर, गुडघे गेलेले, तरी चहा ओतायला तीच बसते. माझा पेला ती कधी भरून देत नाही. निम्मा ओतते, म्हणजे मला पुन्हा पुन्हा मागावा लागतो. हे मानाचं लक्षण असलं तरी मला तहान लागलेली असते.

वहिनी काही मोठी बाई नाही. कोल्होझच्या, म्हणजे सामूहिक शेताच्या, गोठ्यात तिने तीस वर्षं गाई दोहल्या. पण मयताच्या घरी रडण्यात तिचा हात धरणारं सरोवराच्या या काठावर कुणी नाही. माणूस गेलं की अंगणात तंबू उभा राहतो, आत लेकीसुना भिंतीकडे तोंड करून बसतात आणि गेलेल्याचं आयुष्य सुरात सांगत रडतात. ते सांगणं सगळ्यांना जमत नाही. मग बायका वहिनीकडे येतात. या वर्षी मी पोहोचले त्या दिवशी पलीकडच्या आळीतल्या दोन जावा येऊन बसल्या होत्या.

"सासू अजून आहे ना?" वहिनीने विचारलं.

"आहे. पण डॉक्टरांनी हात टेकलेत."

"मग आधी तिला रस्सा पाजा. रडण्याचं नंतर बघू." एवढं म्हणून तिने त्यांना बसवलंच. थोरलीने सूर लावला तसा तिने हात वर केला. "गळा नको काढूस बाई, शब्द काढ. गळा शेळीलाही असतो. सासूने तुझ्यासाठी काय केलं ते सांग."

"काहीच नाही केलं," थोरली म्हणाली.

"मग तेच जरा गोड करून सांग."

त्या गेल्यावर वहिनीने माझा पेला निम्मा भरला आणि सहज बोलावं तसं म्हणाली, "वन्सं, उद्या मला मळ्यावर न्या."

"तिथे काय राहिलंय आई?" एसेन म्हणाला. "लोकांनी बटाटे लावलेत."

"मला बटाटेच बघायचेत," वहिनी म्हणाली. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो, त्यामुळे सकाळी आम्ही निघालो.

मळा आमचा नव्हता, कोल्होझचा होता. आजोबा त्या जर्दाळूच्या बागेचे राखणदार. गावापासून पाच किलोमीटर वर, डोंगराच्या पायथ्याशी, मातीचं दोन खोल्यांचं घर. दारातून खाली इस्सिक-कुल सरोवराचं निळं पाणी दिसायचं आणि मागच्या खिडकीतून बर्फ. मला त्या घराइतकं सुख पुढे कुठेही मिळालं नाही. हे मी माझ्या नवऱ्यालाही तोंडावर सांगते. उन्हाळ्यात छपरावर जर्दाळू वाळत पडलेले असायचे आणि त्यांच्या वासाने गांधीलमाश्यांना चेव यायचा. आजी अंगणात फळीवर कुरुतच्या, म्हणजे खारट दह्याच्या, गोळ्या वाळत मांडायची, मी त्यातल्या ओल्या पळवायचे. सामोवरच्या जाळात आजोबा जर्दाळूच्या फोडलेल्या कवच्या घालायचे, त्या तडतडायच्या. पाटाचं पाणी आमच्या वाट्याला आलं की आजोबा मला खांद्यावर घेऊन झाडाझाडाला हिंडायचे आणि प्रत्येक झाडाला, "प्यायलास का रे?" असं विचारायचे. मी त्यांची इतकी लाडकी होते की मला त्यांनी कमरेला बांधून ठेवलंय, असं गावातल्या बायका म्हणायच्या. मी आजीच्या कुशीत झोपायचे, तिच्या ताटातलं जेवायचे आणि ती कुठे दिसेनाशी झाली की पाटाच्या कडेला उभी राहून "आई" म्हणून डोंगर दणाणून सोडायचे.

रविवारी दादा आणि वहिनी गावातून यायचे. दादा आजोबांबरोबर गवत कापायला जायचा. वहिनी भाकऱ्या आणायची, येताच बाह्या सरसावून कामाला लागायची. मी तिला कामं सांगायचे, कारण नणंदेने सांगायची असतात असं मला वाटायचं. वहिनी, माझे बूट काढ. वहिनी, मला पाणी दे. ती "देते हं, वन्सं" म्हणायची आणि द्यायची. एकदा माझ्या केसांत काटेगोखरू अडकले होते. सहा-सात वर्षांची असेन. मी तिच्यापुढे जाऊन बसले आणि "काढ" म्हणाले. तिने एकेक करून काढले. मग फणी घेतली. केस विंचरून झाले तरी ती विंचरतच राहिली. आत आजी खाकरली. वहिनीने फणी खाली ठेवली आणि म्हणाली, "झालं वन्सं, जा आता आईंकडे." मी पळाले. मागे वळून पाहिल्याचं मला काही आठवत नाही.

मी एकोणीस वर्षांची असताना आजी गेली. लेक म्हणून मला तंबूत पहिल्या जागी बसायचं होतं आणि मला तर एक ओळ येत नव्हती. त्या सकाळी वहिनीने मला बटाट्याच्या कोठीत नेलं, पोत्यावर बसवलं आणि आईसाठीचा विलाप शिकवला. दोन तास लागले. कुशीत घेऊन झोपवलंस, तुझ्या ताटातलं भरवलंस, तुझ्या ओढणीखाली मला पाऊस लागला नाही, सगळं तिने जुळवून दिलं. मी चुकले की ती मांडीवर थाप मारायची आणि पुन्हा सुरू करायला लावायची. मी रडले ते गावाला अजून आठवतं. खूप वर्षांनी, दुकानात फडताळ पुसत असताना, मी तो विलाप मनातल्या मनात म्हणत होते आणि एकदम माझा हात थांबला. त्यात सगळं होतं. 'जन्म दिलास' एवढंच नव्हतं. प्रत्येक लेकीच्या विलापात ती ओळ पहिली असते. वहिनीने ती वगळली होती आणि पुढच्या ओळी अशा जोडल्या होत्या की भेग दिसू नये.

एसेनने गाडी पाटाच्या अलीकडे थांबवली, आम्हाला उतरवलं आणि बादली घेऊन तो उरल्यासुरल्या झाडांकडे गेला. घर नव्हतं. भिंतींची माती पावसाने शेतात नेली होती, आणि दार जिथे होतं तिथे खरोखरच बटाट्याचे वाफे होते, पांढऱ्या फुलांनी भरलेले. जर्दाळूची आठ-दहा झाडं तगली होती. पाट मात्र तसाच, थंडगार आणि घाईतला. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. वहिनी पाटाच्या कडेला पाय सोडून बसली, पडलेले जर्दाळू पुसून पुसून ओटीत जमवू लागली.

"दादांच्या वेळी तुम्ही भावासाठीचं रडलात," ती म्हणाली. दादाला जाऊन सहा वर्षं झाली होती. "चांगलं रडलात. मी शेजारीच होते. बाहेर एसेन बाप म्हणून रडत होता, आत तुम्ही भाऊ म्हणून. माणूस एकच."

"मग मी काय करायला हवं होतं? मला कुणी सांगितलं?"

"कुणी सांगायचं? मी तर तुमची वहिनी."

मला राग आला. कुणाचा ते नीट कळेना. "तू हे सांगायला मला इथवर आणलंस?"

"विचारायला आणलं. माझ्या वेळी तुम्ही कुठे बसणार, लेकींमध्ये की नणंदांमध्ये? नणंदांचं रडणं मी आयुष्यभर बघितलंय. चार ओळी म्हणतात आणि चहाला उठतात."

मी हसले. ती हसली नाही. तिने एक जर्दाळू चिरून आत किडा आहे का पाहिलं आणि निम्मा मला दिला.

"गुडघे सोडून तुला काही झालेलं नाही," मी म्हणाले.

"झाल्यावर कसं विचारणार? सगळ्या गावाला मी शिकवलं, वन्सं. हे एक मला कुणाला शिकवता येत नाही. शिकवलं तर मागून घेतल्यासारखं होतं." मग ती पाण्याकडे बघत म्हणाली, "नाही जमलं तरी चालेल. फक्त मला आधी कळू दे. मी आत पडलेली असताना वाट बघत राहायला नको."

मी उठले आणि झाडांकडे चालू लागले, कारण मला तिच्यासमोर बसवेना. आजी माझी आई होती. कुणी काही म्हणो, होतीच. तो शब्द तिचा होता, तिच्याच मळ्यावर तो काढून दुसरीला द्यायचा म्हणजे मला चोरी वाटत होती. आणि तरी त्या फणीचा हात मला डोक्यावर जाणवत होता, मी वळून पाहिलं नव्हतं तेही. चाळीस दिवसांचं मूल दुलईत गुंडाळून दुसऱ्याच्या हाती देताना वहिनी अवघी एकवीस वर्षांची होती. मला स्वतःची लेक आहे. ती एकवीस वर्षांची होती तेव्हा तिला धड अंडं उकडता येत नव्हतं.

पंधरावीस पावलांवर मी थांबले. वहिनी माझ्याकडे पाठ करून बसली होती. मला हळू म्हणायचं होतं, पण त्या जागी तो शब्द मला हळू म्हणताच येत नाही. तो लहानपणी निघायचा तसाच निघाला, मोठ्याने, हुकूम सोडल्यासारखा.

"आई."

वहिनीच्या ओटीतले जर्दाळू घरंगळून पाटात गेले. तिने एक हात जमिनीवर टेकला, दुसऱ्या हाताने रुमालाखाली केस सारले आणि ते मोडके गुडघे सावरत ती उठू लागली, मान खाली घालून, घराचं दार होतं त्या बाजूला तोंड करून. या मळ्यावर, माझ्या आवाजात, त्या शब्दाचा अर्थ एकच होता. तिच्या लेखी सासूबाई बाहेर आल्या होत्या, आणि सासू आली की सून बसून राहत नाही.

अर्धी उठून ती थांबली. समोर बटाट्याची फुलं होती. तिने त्यांच्याकडे पाहिलं, मग आजूबाजूला, मग माझ्याकडे. मी जागची हलले नव्हते. ती हळूहळू पुन्हा खाली बसली, गुडघा हाताने धरून.

"म्हण परत," ती म्हणाली. "या कानाने मला कमी ऐकू येतं."

तिच्या कानांना काहीही झालेलं नाही, हे मला ठाऊक होतं. मी परत म्हटलं.