खाऱ्या पाण्यावरची घंटा

पौषातल्या एका सकाळी खालापूरच्या शाळेत मी पाढे घेत होतो, तेव्हा धर्मा दारात येऊन उभा राहिला. आपट्याच्या बंदरातून तो चालत आला होता. कपाळ फुटलेलं, दोन्ही हातांची सालं निघालेली. "मास्तर, मचवा फुटला. सखाराम गेला," एवढंच म्हणाला आणि उंबऱ्यावर बसला... सखाराम त्याचा धाकटा भाऊ, आणि माझा लहानपणापासूनचा मित्र. याला आता दीड महिना झाला. त्याच्याविषयी लिहायला बसतो आणि उठतो. पण लिहायला हवं, कारण एक गोष्ट मी अजून धर्माला सांगितलेली नाही.

सखारामचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर. कर्जत स्टेशनात तारायंत्राला वीज पुरवणाऱ्या बरण्या असत, त्या साफ करायचं त्याचं काम. एका साहेबानं चिडून बुटाच्या लाथेनं बरणी फोडली, तर यानं साहेबाचे दोन दात पाडले. तुरुंगात खडी फोडून आला तो थेट धर्माच्या मचव्यावर. हा मचवा तांदूळ घेऊन पाताळगंगेतून धरमतरच्या खाडीत जायचा. दोघांचा बापही याच वाटेवर मेला होता. पोत्यांच्या थराखाली पाणी शिरलं तर वरून कळत नाही; भिजलेला तांदूळ फुगतो आणि आतून फळ्या फोडतो. बापाच्या सगळ्या बरगड्या मोडलेल्या होत्या, आणि सखारामनं ते प्रेत स्वतः ओढून काढलं होतं. "मास्तर, ज्या पान्यानं बापाला मारलं, त्याच पान्याकडनं राखन करून घेतो," तो दात खाऊन म्हणायचा.

त्यानं केलंही तसंच. आठ बरण्या, फुटक्या हंड्यांचं ठोकून सपाट केलेलं तांबं, कुठून कुठून जमवलेलं जस्त, आणि आत स्टेशनातल्या बरण्यांत असतं त्या औषधाऐवजी खाडीचं खारं पाणी. एवढ्यावर वीज व्हायची. मचव्याच्या तळाशी लाकडाचा ठोकळा ठेवलेला; पाणी चढलं की ठोकळा तरंगे, दोन तारा एकमेकींना टेकत आणि वर घंटा वाजू लागे. धर्माला हा देवाशी केलेला खेळ वाटला. त्यानं वल्ह्यानं दोन बरण्या फोडल्या, सखारामनं बांबू घेऊन त्याला लोळवला. मी मध्ये पडलो तर माझ्याच कानशिलात बसली... आठवडाभर कान वाजत होता. पुढच्याच खेपेत खाडीत घंटा वाजली. पोती हलवून त्यांनी पाणी उपसलं आणि सुखरूप परतले. मग धर्मानं स्वतः घंटेपुढं नारळ फोडला.

शेवटची भेट आपट्याला झाली; धर्मा तेव्हा गावात गेला होता. सखाराम हमालांशी भांडत होता, एकाची मान त्याच्या मुठीत होती. ओहोटी लागलेली, निघायची घाई. तो तिथूनच ओरडला, "मास्तर, तेवढं बरन्यांतलं पानी बदला." पाणी हिरवं झालं होतं. मी ते ओतून दिलं. आमच्या घरी तांब्याचं भांडं राख लावल्याशिवाय धुतलं असं म्हणत नाहीत. मी पत्रे राखेनं लख्ख घासले, बरण्या विसळल्या. बंदरातलं भरतीचं खारं पाणी गढूळ दिसलं, म्हणून विहिरीचं नितळ पाणी आणून भरलं. मनात म्हणालो, सखारामला बरं वाटेल... निघण्याआधी तो नेहमी ठोकळा उचलून घंटा वाजवून बघायचा. त्या दिवशी त्यानं माझ्यावर विसंबून शीड उभारलं.

खाडीत पाण्याखालच्या खुंटावर मचवा आदळला. घंटा वाजली नाही, म्हणून कुणी पोती हलवली नाहीत. भरती, उलटा वारा, तशात दोन तास गेले आणि फळ्या करकरायला लागल्या. शिव्या घालत सखाराम खाली बरण्यांपाशी उतरला. धर्मा सांगतो, "त्यानं बरनीत बोट बुडवून चाखलं. म्हनाला, दादा, पानी गोडं हाय रं." तेवढ्यात बाजू फुटली, पोती घसरली आणि तो त्यांच्याखाली चेंगरला. धर्मानं नखं तुटेस्तोवर पोती ओढली.

गोड्या पाण्यावर वीज होत नाही, हे मला धर्माच्या तोंडून ऐकताना उमगलं. पाणी कुणी भरलं, हे सखारामला कळलं होतं. त्यानं माझं नाव घेतलं नाही. वेळ मिळाला नाही, की घ्यायचं नव्हतं, हे मला कळायला मार्ग नाही.

धर्माला मात्र वाटलं, हमालांनी बरण्यांत गोडं पाणी भरून सूड घेतला. सखारामनं ज्याची मान धरली होती, त्या हमालाला त्यानं गाठून असा मारला, की त्याचा एक डोळा गेला. मला हे समजलं तेव्हाही मी गप्प बसलो. मुलांना खरं बोला म्हणून छड्या मारणारा मी.

किनाऱ्याला लागलेली घंटा आणि तीन बरण्या धर्मानं मला आठवण म्हणून दिल्या. "तुमी त्याचे दोस्त, तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या," म्हणाला. काल धरमतरहून घागरभर खारं पाणी मागवलं, बरण्या भरल्या, तारा टेकवल्या. तीनच बरण्या, तरी घंटा वाजली. कितीतरी वेळ मी तारा तशाच धरून बसलो होतो.

धर्माला वाचता येत नाही. हा लेख आणि घंटा घेऊन मी उद्या आपट्याला जातो आहे. तो हमालही तिथंच असतो. दोघांना समोर बसवून मीच वाचून दाखवणार आहे.