लवॉनच्या यादीतलं एक नाव

अमेरिकेतल्या आमच्या विद्यापीठाच्या देणगी विभागाच्या माहितीपत्रकावर सलग चार वर्षं लवॉन टिस्डेलचा फोटो होता. विभागात माणसं एकेचाळीस, त्यांत काळी दोन. दुसरा ऑर्विल, टपाल सांभाळणारा. त्याचा एक डोळा तिरळा, म्हणून तो फोटोत नको होता. हे मला फोटोग्राफरनेच सांगितलं, हसत. मीही हसलो. ते हसू आठवलं की अजून तोंड कडू होतं.

मी त्या विभागात सत्तावीस वर्षं नोंदी सांभाळल्या. देणगी गोळा करणाऱ्या प्रत्येकाकडे देणगीदारांची एक यादी असते. त्यांच्या घरी जायचं, बसायचं, बोलायचं, आणि परत आल्यावर भेटीची नोंद लिहायची. कोण काय म्हणालं, कोण आजारी आहे, कुणाचं मुलाशी पटत नाही, सगळं. कोणतं नाव कुणाच्या यादीत जायचं ते साहेब ठरवत, आणि संगणकात बदल मी करत असे.

लवॉन बस चालवणाऱ्याची मुलगी. आमच्याच विद्यापीठात, आमच्याच खानावळीत ताटं धुऊन शिकली. पुढे अठरा वर्षं शाळेत गणित शिकवलं आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी आमच्याकडे आली. पहिल्या दिवशी तिची यादी मीच छापून दिली. तिने ती उभ्यानेच चाळली.

"अहो दातीर, हे सगळे काळेच आहेत की काय?"

"बहुतेक."

"मास्तर, नर्सा, पोस्टमन. यांच्या पैशांतून मी तुमची प्रयोगशाळा बांधायची?"

"एक नाव वेगळं आहे," मी म्हणालो.

ते नाव मिसेस क्लिंगर. गोऱ्या, विधवा, नवऱ्याचा कारखाना विकून बसलेल्या. आमच्या चार जणांना त्यांनी दारातूनच परत पाठवलं होतं. कुणाला नको झालेलं नाव, म्हणून लवॉनकडे टाकलेलं.

पहिल्या भेटीत मिसेस क्लिंगर जाळीच्या दाराआडून म्हणाल्या, "मला एक डॉलरही द्यायचा नाही."

"बरं झालं, आधीच सांगितलंत," लवॉन म्हणाली. "मग पाणी तरी द्याल का? गाडीचा एसी बंद पडलाय."

पाणी मिळालं. पुढच्या खेपेला कॉफी. दुसऱ्या वर्षी सफरचंदाचा केक आणि रमीचा डाव. लवॉन हरली की मिसेस क्लिंगर म्हणायच्या, "गणित शिकवायचीस म्हणे! मुलांचं नशीब." असली सगळी वाक्यं नोंदींत असत. मी जेवणाच्या सुट्टीत त्या वाचत असे.

तिसऱ्या वर्षी लवॉन माझ्या टेबलाशी आली आणि बसलीच नाही. मिसेस क्लिंगरना एक बहीण होती, अडेलहाइड. नर्स होती. तरुणपणी डोकं फिरलं, वेड्यांच्या इस्पितळात ठेवली. तीस वर्षं मिसेस क्लिंगर तिला भेटायला गेल्या नाहीत, आणि ती तिथेच वारली.

"रडत सांगितलंय हो त्यांनी. हे लिहू का?"

"नियम आहे," मी म्हणालो. "उद्या तुम्ही नसलात तर पुढच्याला कळायला हवं."

तिने लिहिलं. नियमाला धरून राहिलं की माझ्यासारख्या माणसाला काही वेगळं ठरवावं लागत नाही.

सातव्या वर्षी मिसेस क्लिंगर तयार झाल्या. चाळीस लाख डॉलर, बहिणीच्या नावाने, दर वर्षी वीस मुलींचं नर्सिंगचं शिक्षण. ऑक्टोबरात वकिलांसमोर सही व्हायची होती. एवढी देणगी आणणाऱ्याला आमच्याकडे संचालकाची खोली मिळते. लवॉनला ती हवी होती, तिने ते कधी लपवलं नाही. पण त्याहून जास्त तिला सहीच्या वेळी त्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचं होतं.

त्याच वर्षी विश्वस्तांनी विचारलं की तुमच्या विभागात सगळे चेहरे एकसारखे का. आमचे उपाध्यक्ष हॉलव्हर्सन यांनी लगेच विविधता आणि समावेश समिती काढली.

"लवॉन, अध्यक्ष तूच," ते भर बैठकीत म्हणाले. "तुझ्याशिवाय कोण?"

"तुम्ही व्हा ना. शिकायचं तुम्हाला आहे, मला नाही."

सगळे खदखदून हसले आणि हात वर करून तिलाच निवडलं. मग दर मंगळवारी बैठक, अहवाल, प्रशिक्षण, दुकानातून मागवलेले रंगीत छोटे केक. समितीने दोनदा लिहून दिलं की याद्या नव्याने वाटा, श्रीमंत नावं सगळ्यांना मिळू द्या. दोन्ही कागदांवर "उत्तम काम!" असा शेरा आला आणि पुढे काही नाही. लवॉनच्या महिन्याच्या भेटी मात्र पंधरावरून सहावर आल्या.

ऑगस्टमध्ये हॉलव्हर्सन माझ्या टेबलाशी आले. हातात मंगळवारचा उरलेला केक होता.

"श्रीधर, मिसेस क्लिंगर कोल्टनकडे टाक."

कोल्टन विभागातलाच, गोरा, एकतीस वर्षांचा. त्याचे वडील हॉलव्हर्सनबरोबर गोल्फ खेळत.

"सही दोन महिन्यांवर आहे," मी म्हणालो.

"म्हणूनच तर. लवॉनवर समितीचं केवढं ओझं आहे! तिला जरा मोकळं करू या. शिवाय वकील येणार, पुतणे येणार. अशा वेळी कुटुंबाला सोपा वाटेल असा माणूस बरा."

"मिसेस क्लिंगर काही म्हणाल्या का?"

"छे! त्यांना कशाला विचारायचं? उगाच अवघडल्यासारखं होईल बाईंना."

बोलता बोलता त्यांनी बोटाला लागलेली साखर चाटली. मी लवॉनची यादी उघडली. नाव बदललं.

दुपारी लवॉन आली. "कुणी केलं?"

"मी."

"वा. निदान ओळखीच्या माणसाने केलं."

ती तशीच हॉलव्हर्सनच्या खोलीत गेली. दार उघडं होतं, सगळ्यांना ऐकू येत होतं.

"अन्याय झाला असं वाटत असेल तर रीतसर तक्रार कर," ते म्हणाले. "समितीकडे."

"समिती म्हणजे मी!"

"मग तर योग्य हातांत आहे."

पाचेक जण आपापल्या संगणकाच्या पडद्यांकडे बघत राहिले. त्यांत मीही होतो.

कोल्टनने लवॉनच्या सगळ्या नोंदी पाठ केल्या. पहिल्याच भेटीत केक खाऊन झाल्यावर तो म्हणाला, "तुमच्या बहिणीचं वाचून फार वाईट वाटलं. तीस वर्षं भेटायला न जाणं तुम्हालाही जड गेलं असेल." मिसेस क्लिंगरनी विचारलं, कुठे वाचलंस? हा म्हणाला, "लवॉनने सगळं लिहून ठेवलंय ना! फार बारकाईने लिहिते." ऑफिसात येऊन हे त्याने स्वतःच सांगितलं. आपण काय केलं ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. बाई एकदम उठून का गेल्या, एवढंच तो विचारत होता.

लवॉन त्याच संध्याकाळी तिकडे गेली. मिसेस क्लिंगरनी दार अर्धंच उघडलं. दुसऱ्या दिवशी तिने मला ते बोलणं शब्दन्‌शब्द सांगितलं.

"मी तुला सांगत होते की तुझ्या ऑफिसला?"

"दोघांना. मी कुणाकडून येते ते तुम्हाला माहीत होतं."

"हो, माहीत होतं. पण त्या पोराच्या तोंडून अडेलहाइडचं नाव ऐकलं, आणि... तू जा आता."

पंधरा दिवसांनी वकिलाचं दोन ओळींचं पत्र आलं. आमच्या विद्यापीठाला काही मिळणार नव्हतं.

हॉलव्हर्सनना दोष कुणाच्या तरी माथी मारायचा होता. नोंदीत एक वाक्य घाल म्हणाले: "श्रीमती टिस्डेल यांना देणगीदाराचा विश्वास टिकवता आला नाही." नाही म्हणायची माझी छाती नव्हती. सोमवारी घालतो म्हणालो आणि सोमवारी पोटदुखीची रजा टाकली. मंगळवारी पाहिलं तर वाक्य तिथे होतं. कोल्टनने घातलं होतं.

लवॉनने ते वाचलं आणि राजीनामा दिला. समितीने तिचा निरोप समारंभ ठरवला, केकसुद्धा सांगितले. अध्यक्ष या नात्याने तिने तो रद्द केला. अध्यक्ष म्हणून तिचा तेवढाच एक निर्णय अमलात आला.

शेवटच्या दिवशी ती कोट हातावर घेऊन माझ्याकडे आली.

"बहिणीची ती नोंद पुसा."

"त्याला हॉलव्हर्सनची सही लागते."

"कोल्टनला नाव देताना लागली होती का?"

त्यालाही लागते. त्यांनी तोंडी सांगितलं होतं आणि मी सही मागितलीच नव्हती. तेवढं मी कबूल केलं. मी नोंद शोधू लागलो. दोनदा भलतंच पान उघडलं. शेवटी सापडलं, आणि मी ते पुसलं. पडदा कोरा होईपर्यंत ती माझ्या खुर्चीमागे उभी होती. मग तिने कोट घातला आणि ऑर्विलचा निरोप घ्यायला टपालाच्या खोलीकडे गेली. माझ्याशी तिने हात मिळवला नाही, आणि मला तिचं बरोबरच वाटलं.