जर्मनचा डबा

"डब्याचं झाकण लावलंयस न्हवं?" तुमच्या आजोबांनी दवाखान्यात मला विचारलेलं हे शेवटचं. मी हो म्हटलं. घरी येऊन त्यांच्यासाठी पेज केली, निघणार तोच फोन वाजला... त्याला आता दीड महिना झाला. मुलांनो, तुम्ही दोघं लांब, येऊ शकला नाहीत. म्हणून त्या डब्याची हकिकत क्रमाने लिहिते आहे.

तरुणपणी, दुसऱ्या महायुद्धात, आजोबा पलटणीतून इटलीत लढले; पुढे सुभेदार होऊन निवृत्त झाले. नदीपलीकडे कितीतरी महिने एकच जर्मन डिव्हिजन समोर होती. सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी ठरवलं, तिचा इतिहास लिहायचा. ती कुठे उभी राहिली, कुठून कुठे हलली, कोणता जनरल केव्हा आला, शेवटी किती माणसं उरली, सगळं. मी इंग्रजी पुस्तकं वाचून मराठीत सांगायची, ते वहीत उतरवायचे. वाळवी लागू नये म्हणून वह्या ॲल्युमिनियमच्या डब्यात ठेवायचे. ॲल्युमिनियमला आपल्याकडे 'जर्मन' म्हणतात, हे तुम्हाला ठाऊक नसेल. त्यामुळे सुभेदार जर्मनवर काम करतात, एवढंच शिवाजी पेठेत पसरलं आणि शेजारच्या गंगाक्का एका सकाळी गळकं पातेलं घेऊन दारात उभ्या.

"सुभेदार, तेवढं भोक बुजवून द्या की."

"ठेवा अक्का. आमच्या जनरलची बदली झाली की बघतो," आजोबा गंभीरपणे म्हणाले. पातेलं दोन दिवसांनी त्यांनी खरंच कासाराकडून नीट करून आणलं.

मग एका दुपारी त्या जनरलच्या आठवणींचं पुस्तक मी वाचत होते. माघारी जाताना एका गावात 'कडक उपाययोजना' करावी लागली, असं मी भाषांतर केलं. शब्द मला चांगला वाटला होता. आजोबांनी पेन खाली ठेवलं.

"उपाययोजना? पटकी आलती काय गावात?"

लग्नाला पन्नास वर्षं होत आली होती, पण त्या दिवशी प्रथमच त्यांनी सांगितलं. जर्मन निघून गेल्यावर दुसऱ्या सकाळी त्यांची कंपनी त्या गावात शिरली होती. चर्चच्या भिंतीशी म्हातारी माणसं, बायका ओळीनं पडलेल्या. एकीच्या हाताला कणीक तशीच होती... "माणसं मारली असं सांग. हुकूम कुणाचा, ते बी लिवतो." तेच शेवटचं प्रकरण झालं. इंग्रजीची शिक्षिका मी, पण भाषांतर त्या दिवशी शिकले.

पुस्तक पेठेतल्या तालीम मंडळातर्फे छापायचं ठरलं होतं. सेक्रेटरी वाचून आले ते भारावूनच. "आबा, जनरल गडी लई शिस्तीचा! पोरांनी शिकावं असा. शेवटचं तेवढं गाळूया."

"शिस्तीनंच मारली की माणसं. ते गाळून पोरांस्नी काय शिकवतोस?"

छपाई थांबली. चार वर्षं थांबली. छापलेलं पुस्तक एकदा हातात घ्यायचं होतं हो त्यांना. एक 'बरं' म्हटलं असतं तर मिळालं असतं. नाही म्हटलं.

तेराव्यानंतर सेक्रेटरी पुन्हा आले. माणूस वाईट नाही. फोटोसमोर खरंच रडले. मग म्हणाले, "आज्जी, आता आबा न्हाईत. श्रद्धांजली म्हणून छापूया की. शेवटचं तेवढं..."

मी चहा पुढे केला. "गंगाक्कांनी पातेलं आणलं ते भोक बुजवायला. तुम्ही चांगल्या पातेल्याला भोक पाडायला सांगताय. छापायचं तर सगळं छापा, नाहीतर चहा घ्या." ते चहा पिऊन गेले.

आता वह्यांची मी स्वच्छ प्रत करते आहे. शेवटचं प्रकरण इंग्रजीतही करते, उद्या तुमच्या मुलांना मराठी येईल न येईल. जनरलचं वाक्य जसंच्या तसं ठेवलं आहे आणि त्याखाली आजोबांचं, दोनच शब्दांचं.

डबा टेबलावरच आहे. त्याचं झाकण वाकडं. कोपऱ्यावर मूठ मारल्याशिवाय बसत नाही. रोज संध्याकाळी तो ठण्ण आवाज झाला की गंगाक्का पलीकडून म्हणायच्या, "सुटली सुभेदारांची कचेरी." माझ्या घरात एरवी एक वाटी उघडी राहत नाही. पण खरं सांगते, दवाखान्यात मी हो म्हटलं तेव्हा झाकण लावलेलं नव्हतं. आता लावणारही नाही.